फोडणारा बाण, फुटणारा गोळा

शस्त्राची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न वरवर युद्धशास्त्राचा वाटत असला तरी भारतीय विचारपरंपरेत तो धर्मचर्चेच्या कक्षेत फार पूर्वीपासून येत राहिला आहे. कारण शस्त्र ज्याच्या हाती आहे त्याची जबाबदारी कोठवर पोचते हे ठरवल्याशिवाय शस्त्र चांगले की वाईट हे सांगताच येत नाही. जे शस्त्र मारण्यासाठीच घडवलेले असते त्याच्या बाबतीत हा प्रश्न त्याच्या मारकशक्तीमागे झाकला जातो. याउलट जे उपकरण शस्त्रासारखे धरले जाते, शस्त्रासारखे रोखले जाते, पण ज्याने कोणाचा जीव जाऊ नये म्हणूनच ज्याची रचना केलेली असते, त्याच्या संदर्भात हा प्रश्न स्वच्छ दिसू लागतो. पेंटबॉल या खेळातील मार्कर हे असे उपकरण आहे. रंगीत द्रवाने भरलेला जिलेटिनचा गोळा दाबाखालील वायूच्या जोरावर फेकणारी ही एक प्रकारची बंदूक असून, गोळा ज्याच्या अंगावर फुटतो तो खेळाडू बाद होतो. मार्कर हाताळायला कसे आहे आणि कामाला किती खरे उतरते, याची पारख या खेळात मुरलेली माणसे बारकाईने करतात. त्या पारखीत एक नैतिक निवाडा आधीच मिसळलेला असतो, आणि तो कोणता हे समजून घ्यायला कावेरीकाठचे कुंभकोणम हे गाव जितके उपयोगी पडते तितके क्वचितच दुसरे एखादे गाव पडेल.

कुंभकोणमची स्थलकथा ही एका नेमबाजीची कथा आहे. प्रलयकाळी ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे आणि अमृत एका कुंभात ठेवले, तो कुंभ प्रलयाच्या पाण्यावर तरंगत दक्षिणेकडे आला आणि एका जागी स्थिरावला. तेव्हा शंकराने किराताचे, म्हणजे रानात शिकार करणाऱ्या व्याधाचे, रूप घेऊन त्याच्यावर बाण सोडला, कुंभ फुटला, अमृत सांडले, आणि अमृताने भिजलेल्या वाळूचे लिंग करून शंकर स्वतःच त्यात सामावला, असे ही कथा सांगते. ते लिंग आदि कुंभेश्वराच्या मंदिरात पूजले जाते, सांडलेले अमृत महामहम आणि पोट्रामरै या दोन तीर्थांत साठले अशी श्रद्धा आहे, आणि जेथून बाण सुटला तेथे बाणपुरीश्वराचे देऊळ आहे. कुंभावरचा नारळ, बिल्वपत्र, भोवती गुंडाळलेले सूत्र यांपैकी प्रत्येक गोष्ट जेथे पडली तेथेही एकेक शिवस्थान मानले गेल्यामुळे गावाचा सारा धार्मिक भूगोल एका बाणाच्या आघातातून पसरत गेला आहे. बारा वर्षांनी येणारे महामहमचे पर्व, जे २०१६ मध्ये झाले आणि पुढे २०२८ मध्ये यायचे आहे, त्यात लाखो माणसे ज्या पाण्यात उतरतात ते पाणी श्रद्धेच्या दृष्टीने त्या नेमाचेच फळ आहे.

या कथेतील बाण कोणालाही मारत नाही, आणि कथेचे सर्व मर्म तेथेच आहे. व्याधाचा जन्म मारण्यात जातो. तरीही ज्या एका क्षणी सृष्टी पुन्हा सुरू व्हायची आहे त्या क्षणी देव ऋषीचे किंवा राजाचे रूप न घेता व्याधाचे रूप घेतो, कारण काम नेमाचे आहे. बाण दुबळा पडला तर कुंभ फुटणार नाही आणि बीजे आतच अडकून राहतील. गरजेपेक्षा जोराचा ठरला तर ज्यांच्यासाठी कुंभ फोडायचा त्या बीजांचाच चुरा होईल. कथा बाणाचा वेग सांगत नाही, धनुष्याचे नावही सांगत नाही, परंतु फुटायला हवे होते तेवढेच फुटले ही गोष्ट ती गृहीत धरते. शक्तीचे माप उद्दिष्टाशी जुळणे, हा या बाणाचा गुण आहे. आणि शक्ती किती होती हा प्रश्न कोणा भाविकाला पडत नाही, याचे कारण हेच असावे.

देव आणि शस्त्र यांची अशी सांगड या गावात पुन्हा पुन्हा भेटते, आणि बहुतेक ठिकाणी शस्त्र आवरलेल्या स्थितीतच दिसते. शार्ङ्ग नावाच्या धनुष्यावरून ज्याला शार्ङ्गपाणी म्हणतात त्या विष्णूची मूळ मूर्ती शेषावर पहुडलेली आहे. चक्रपाणीच्या मंदिरात सुदर्शनचक्राची उपासना चालते, आणि तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या व्याधिमुक्तीची कथा तेथील परंपरा सांगते, म्हणजे जे चक्र पुराणांत शिरच्छेद करते तेच येथे रोग हरणारे ठरते. नायक राजांच्या काळात उभ्या राहिलेल्या रामस्वामी मंदिरात राम लंकेच्या रणात नसून राज्याभिषेकाच्या प्रसंगी सीतेसह एका आसनावर बसलेला आहे, आणि तेथील हनुमंताच्या हाती वीणा आहे. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून १८५५ मध्ये इंग्रजांनी ते संस्थान खालसा करेपर्यंतच्या काळात या परिसरात जी मराठी घराणी रुजली, त्यांच्या आसपास हीच देवळे होती. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषवणारे सर टी. माधवराव अशाच एका घराण्यात १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. ज्या समाजाने एकीकडे तलवारीच्या बळावर राज्य उभारले आणि दुसरीकडे आवरलेल्या शस्त्रांच्या या देवतांपुढे हात जोडले, त्याच्या भाषेत हा प्रश्न मांडणे म्हणूनच उपरे ठरत नाही.

मार्करचा जन्मही मारण्याच्या हेतूतून झालेला नाही. अमेरिकेतील नेल्सन पेंट कंपनी जंगलात तोडायच्या झाडांवर खूण करण्यासाठी रंग बनवत असे. नदीपलीकडच्या किंवा काटेरी झुडपांमागच्या झाडापर्यंत चालत न जाता लांबूनच खूण करता यावी यासाठी १९७० च्या दशकाच्या आरंभी नेलस्पॉट ००७ हे रंगगोळ्यांचे पिस्तूल निघाले आणि गुराख्यांनीही ते जनावरांवर खुणा करण्यासाठी वापरले. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथील रानात बारा जणांनी हेच पिस्तूल घेऊन पहिला खेळ खेळला. चार्ल्स गेन्स, हेज नोएल आणि बॉब गर्न्सी या तिघांनी तो आखला होता आणि रानात टिकून राहण्याची उपजत बुद्धी शहरी माणसात अधिक की रानात वावरणाऱ्यात, या त्यांच्या जुन्या वादातून तो निघाला होता. त्या दिवशी सगळी निशाणे गोळा करून जिंकला तो रिची व्हाइट नावाचा वनकर्मी, आणि त्याने एकही गोळा झाडला नाही. खेळाच्या इतिहासात ही बाब गंमत म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती त्याहून बरीच मोठी आहे, कारण ज्या उपकरणाभोवती पुढे एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला ते त्या खेळाचे साधन होते, सार नव्हते, हे पहिल्याच दिवशी सिद्ध झाले होते.

साधन म्हणजे काय, याचा विचार भारतीय शास्त्रांनी नेटाने केलेला आहे. पाणिनीच्या व्याकरणात क्रिया सिद्ध होण्यास जे सर्वांत अधिक उपकारक ठरते त्याला करण म्हटले आहे. पुढे नैयायिकांनी त्यात भर घालून सांगितले की करणाला एक व्यापार असतो, म्हणजे करण आणि फळ यांच्यामध्ये घडणारी एखादी क्रिया असते, जसे कुऱ्हाड आणि लाकडाचे दुभंगणे यांच्यामध्ये कुऱ्हाडीचा लाकडाशी होणारा संयोग. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या अध्यायांत आयुधांची विभागणीही याच व्यापाराच्या आधारे केलेली दिसते: यंत्राने सोडले जाणारे ते यंत्रमुक्त, हाताने फेकले जाणारे ते पाणिमुक्त, फेकून परत घेता येणारे ते मुक्तसंधारित, हातातून न सुटणारे ते अमुक्त, आणि शेवटी शस्त्राविना होणारे बाहुयुद्ध. या क्रमात हात आणि आघात यांच्यातले अंतर उत्तरोत्तर कमी होत जाते. मार्कर यांपैकी यंत्रमुक्त वर्गात बसते, आणि म्हणून करणाचा व्यापार त्यात सर्वांत लांबचा आणि सर्वांत परका असतो. तलवार चालवणाऱ्याला आघात मनगटात जाणवतो, मार्कर चालवणाऱ्याच्या बोटाला केवळ चाप जाणवतो.

या लांबलेल्या व्यापाराचे विश्लेषण करण्यासाठी भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील कर्माच्या पाच कारणांची मांडणी फार कामाची आहे. कोणतेही कर्म घडते ते अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर ते घडते ते देहादी स्थान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव या पाचांच्या मेळाने, असे ती मांडणी सांगते, आणि ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये पूर्ण केलेल्या टीकेत या पाचांचे विवेचन विस्ताराने केले आहे. गीतेचा तेथील हेतू कर्त्याचा अहंकार उतरवण्याचा आहे: पाच कारणे असताना मीच केले असे म्हणणारा चुकतो. परंतु त्याच मांडणीची दुसरी बाजूही आहे. पाचांपैकी प्रत्येकाचा वाटा सर्व कर्मांत सारखा नसतो, आणि करण बदलले की कर्ता आणि दैव यांच्यातली वाटणीही बदलते. एखादे करण कर्त्याचा हेतू जसाच्या तसा फळापर्यंत नेते, तर एखादे वाटेतच दैवाला वाव देते. मार्करची पारख म्हणजे या वाटणीची पारख होय.

हे तपशिलात पाहिले तर पटते. गोळ्याचा व्यास साधारण ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर, आणि वजन तीन ग्रॅमच्या आसपास असते. त्याचे जिलेटिनचे कवच दोन अर्धांची शिवण घालून केलेले असल्यामुळे तो पूर्ण गोल कधीच नसतो, आणि जिलेटिन हवेतील ओल शोषत असल्याने कावेरीच्या मुखप्रदेशासारख्या दमट हवेत उघडा ठेवलेला गोळा फुगतो आणि मऊ पडतो. म्हणून जाणता खेळाडू खेळापूर्वी नळी काढून घेतो, तिच्या मागच्या तोंडात गोळा ठेवतो आणि पाहतो: गोळा आपोआप घरंगळून बाहेर पडला तर नळी सैल, जोराने फुंकूनही हलला नाही तर नळी घट्ट, आणि जागीच राहून एका फुंकरीसरशी निघून गेला तर जोड जमली. नळी सैल असेल तर वायू गोळ्याच्या कडेने निसटतो आणि दर गोळ्याचा वेग निराळा पडतो. इतक्या गुंतागुंतीच्या उपकरणाची सर्वांत महत्त्वाची परीक्षा एका श्वासाने होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वायूच्या बाबतीतही प्रश्न हाच असतो. कार्बन डायऑक्साइड बाटलीत द्रवरूपाने राहतो आणि त्याच्या वाफेचा दाब वीस अंश तापमानाला दर चौरस इंचाला सुमारे ८३० पौंड असतो. ऊन चढले की तो वाढतो, आणि भराभर गोळे झाडले की बाष्पीभवनाने बाटली गार पडून तो उतरतो. त्यामुळे सकाळी नीट लावलेले मार्कर दुपारी वेगळेच वागू लागते. याउलट दाबून भरलेली हवा ३००० किंवा ४५०० पौंडांच्या दाबाने बाटलीत भरलेली असली तरी रेग्युलेटर, म्हणजे दाब ठरावीक पातळीवर उतरवून तेथेच धरून ठेवणारी झडप, तिला पायरीपायरीने खाली आणतो आणि प्रत्येक गोळ्यामागे जवळजवळ तितकाच धक्का देतो. तरीही एक दोष उरतो. मार्कर काही वेळ न झाडता राहिले की आतल्या रबरी कड्या आपल्या जागी चिकटून बसतात आणि विश्रांतीनंतरचा पहिला गोळा मंद निघून अलीकडेच पडतो. ज्या खेळाडूने आडोशामागे थांबून एकाच गोळ्याची वाट पाहिली, त्याच्या बाबतीत हा दोष नेमका सर्वांत महागात पडतो, कारण त्याने धरलेला संयमच त्याच्या नेमाच्या आड येतो. चांगल्या मार्करमध्ये लागोपाठच्या गोळ्यांच्या वेगातला फरक सेकंदाला चार-पाच फुटांच्या आत राहतो, आणि पहिला गोळाही त्यात मोडतो. हे आकडे क्रोनोग्राफ या वेगमापक यंत्राने मोजतात. मैदानात उतरण्यापूर्वी प्रत्येक मार्कर त्याच्यासमोर झाडून दाखवावे लागते.

तोल आणि चाप यांचाही विचार असाच करावा लागतो. हवेची बाटली मागच्या बाजूला खांद्याशी टेकत असल्यामुळे वजन शरीराच्या जवळ राहते आणि पुढचा हात लवकर थकत नाही. गोळ्यांचे भांडे मात्र वर बसलेले असल्यामुळे मार्कर आडवे धरताच तोल बदलतो. चाप फार हलका असेल तर बोटाच्या थरथरीनेही गोळा सुटतो, आणि फार जड असेल तर ओढताना नळीचे तोंड ढळते. गीतेच्या भाषेत येथे चेष्टा आणि करण यांचा सांधा तपासला जात आहे, आणि चाप अनुभवी बोटाला योग्य वाटतो तो तेव्हाच, जेव्हा खेळाडूने ठरवल्याशिवाय गोळा सुटत नाही आणि ठरवल्यावर अडत नाही.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो असा की, मार्करचा जो गुण तांत्रिक म्हणून वाखाणला जातो, म्हणजे त्याचा एकसारखेपणा, तो मुळात नैतिक गुण आहे. मार्कर बेभरवशाचे असेल तर गोळा लागला काय किंवा चुकला काय, त्याचा जाब कोणाला विचारता येत नाही. कर्ता म्हणतो की नेम दुसरीकडे होता, आणि त्याचे म्हणणे खरे असू शकते. मार्कर खरे असेल तर ही पळवाट बंद होते, दैवाचा वाटा आकसतो आणि कर्त्याला आपल्या आघाताचे मालकपण स्वीकारावे लागते. महाभारताच्या वनपर्वात ज्या किराताने अर्जुनाला गाठले, त्या प्रसंगातील भांडणही याच मुद्द्यावर होते: एकाच वराहाला दोघांचे बाण एकाच वेळी लागले आणि वध कोणाचा, यावर देव आणि माणूस हातघाईवर आले. वराह मेला हे दोघांनाही मान्य होते. आघात कोणाचा, हे ठरल्याशिवाय मात्र दोघांपैकी कोणीही मागे हटायला तयार नव्हता. भारवीने त्या कथेवर महाकाव्य रचले यात नवल नाही.

सामर्थ्याचा प्रश्न यानंतर येतो, आणि येथे मार्करची परीक्षा इतर शस्त्रांच्या परीक्षेहून अगदी उलटी होते. खुल्या मैदानांवर गोळ्याचा वेग सेकंदाला ३०० फुटांपुढे, म्हणजे सुमारे ९१ मीटरपुढे, जाऊ न देण्याचा प्रघात आहे, आणि पुष्कळ मैदाने त्याहूनही खालची मर्यादा पाळतात. तीन ग्रॅमच्या गोळ्यात या वेगाला सुमारे १२ ज्यूल ऊर्जा असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे वेग एक दशांशाने वाढला तरी ऊर्जा सुमारे एक पंचमांशाने वाढते. तेवढ्या फरकाने अंगावरचा वळ गंभीर इजेत बदलू शकतो, आणि डोळ्याच्या बाबतीत तर मर्यादेतला गोळाही दृष्टी घालवू शकतो, म्हणून मैदानात मुखवटा क्षणभरही काढू न देण्याचा नियम सर्वत्र कडकपणे पाळतात. अधिक जोराचे मार्कर येथे अधिक चांगले ठरत नाही, तर अपात्र ठरते. कुंभ फोडणाऱ्या बाणाविषयी जे कथेने न बोलता गृहीत धरले होते, ते येथे यंत्रासमोर मोजून सिद्ध करावे लागते. फरक इतकाच की कुंभकोणमला लक्ष्य फुटले आणि आतले अमृत बाहेर आले. पेंटबॉलमध्ये लक्ष्याने शाबूत राहावे म्हणून अस्त्र स्वतःच फुटते. दुसऱ्याला न फोडता स्वतः फुटण्याची ही योजना कल्पकतेने केलेली आहे, आणि तिचे मोल केवळ सुरक्षिततेच्या खात्यात जमा करणे अपुरे होईल.

एवढ्याने मात्र आक्षेप संपत नाही, आणि सर्वांत बळकट आक्षेप जैन परंपरेतून येतो. कुंभकोणम, मन्नारगुडी, तंजावर या गावांत तमिळ जैनांची जुनी मंदिरे आहेत, त्यामुळे हा आक्षेप त्या भूमीला परका नाही. जैन विचारात हिंसेचे दोन पदर मानले जातात: प्रत्यक्ष जीव घेणे ही द्रव्यहिंसा, आणि मनात उठलेली मारण्याची वृत्ती ही भावहिंसा, आणि प्रमादयुक्त, म्हणजे विकारवश आणि असावध, वृत्ती हे हिंसेचे मूळ मानल्यामुळे भावहिंसेला दुय्यम स्थान देता येत नाही. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलकचंपूत आणि पुष्पदंताच्या जसहरचरिउत जी राजा यशोधराची कथा येते, ती या प्रश्नाचा कस लावते. हिंसेला नकार देणाऱ्या यशोधराने आईच्या आग्रहाखातर देवीपुढे खरा कोंबडा न कापता पिठाचा कोंबडा कापला. तरीही मारण्याचा संकल्प झालाच म्हणून आई आणि मुलगा दोघांनाही पशुयोनींत जन्मांमागून जन्म भोगावे लागले. पिठाच्या कोंबड्याला जीव नव्हता, रक्त नव्हते. रंगाच्या गोळ्यानेही जीव जात नाही, रक्त येत नाही. मग मित्रावर मार्कर रोखणारा यशोधराहून निराळा कसा?

याच परिसरात या आक्षेपाला छेद देणारी दुसरी परंपराही नांदते. मध्वाचार्यांच्या संप्रदायाने यज्ञातील पशुहत्येला पर्याय म्हणून पिष्टपशू, म्हणजे पिठाचा पशू, स्वीकारला, आणि त्या संप्रदायाचे सोळाव्या शतकातील मोठे पंडित विजयींद्रतीर्थ कुंभकोणमलाच राहिले आणि तेथेच त्यांचे वृंदावन आहे. पुढे मंत्रालयाचे म्हणून प्रसिद्ध झालेले राघवेंद्रतीर्थही त्यांच्याच गुरुपरंपरेतले. एकच पिठाचा पशू जैनांच्या लेखी हिंसेचा पुरावा ठरतो आणि माध्वांच्या लेखी हिंसेतून सुटण्याचा मार्ग ठरतो. हा विरोध वरवरचा नाही, पण तो पूर्ण विरोधही नाही. यशोधराने पिठाचा कोंबडा खऱ्या कोंबड्याचा प्रतिनिधी म्हणून कापला, त्याला मारल्याचेच फळ देवीकडे मागितले. तेथे प्रतिनिधी हे मारण्याच्या इच्छेचे पांघरूण होते. माध्व यज्ञात प्रतिनिधी आणला गेला तो ती इच्छाच विधीतून वगळण्यासाठी. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्माची नैतिक किंमत कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी असे जे प्रतिपादन केले, ते या दोन्ही दृष्टांतांना लागू पडते: पीठ तेच, पण त्यामागची बुद्धी वेगळी.

मग पेंटबॉलच्या मैदानावर कोणती बुद्धी घडते, हे बाहेरून कसे ओळखावे? माणसाच्या मनात शिरता येत नाही, परंतु खेळाचे आचार तपासता येतात, आणि त्यांतले तीन बोलके आहेत. गोळा अंगावर आदळून न फुटता उसळला तर तो आघात धरला जात नाही. म्हणजे खेळाला वेदना नको, खूण हवी. विरोधक अगदी जवळ सापडला तर गोळा न झाडता त्याला शरण येण्याची संधी द्यावी, असा शिष्टाचार अनेक मैदाने पाळतात. म्हणजे झाडण्याची मुभा असतानाही न झाडणे हे तेथे कौशल्य मानले जाते, आणि अभय देण्याची जुनी क्षात्र रीत नकळत जिवंत राहते. आणि ज्याला गोळा लागला त्याने स्वतःच हात वर करून बाद झाल्याचे जाहीर करायचे असते. अंगावरचा रंग गुपचूप पुसणे हे या खेळातले सर्वांत निंद्य कृत्य समजले जाते. आघाताची साक्ष आघात झालेल्याच्या सत्यनिष्ठेवर सोपवणारे युद्ध जगात कोठे झालेले नाही. हे आचार जेथे मनापासून पाळले जातात तेथे मार्कर पिष्टपशूच्या बाजूला उभे राहते; जेथे वळ उठवण्यातच आनंद मानला जातो, किंवा ज्याच्याविषयी मनात वैर आहे त्याला समोर कल्पून गोळे झाडले जातात, तेथे ते यशोधराच्या कोंबड्याच्या बाजूला जाते, आणि गोळ्याचा वेग मर्यादेत होता हे उत्तर तेथे पुरे पडत नाही. म्हणून जैन आक्षेप निकालात काढता येत नाही. तो मैदानाच्या कडेला उभा राहावा आणि दर खेळाडूला आपले मन तपासायला लावावे, यातच त्याचे सार्थक आहे.

अलीकडच्या मार्करांतील एका सुधारणेचा विचार याच दृष्टीने करावा लागतो. विजेवर चालणाऱ्या मार्करांत अशी सोय असते की खेळाडूने ठरावीक गतीने काही वेळा चाप ओढला की पुढे यंत्र स्वतःच भर घालते आणि बोट जितके चालले त्याहून अधिक गोळे सोडते. स्पर्धांनी याला मान्यता देऊन सेकंदाला सुमारे दहा गोळ्यांची कमाल मर्यादा घातली. हाताळणीच्या नेहमीच्या मोजमापात अशा मार्करला वरचा क्रमांक मिळतो, कारण ते सुरळीत चालते, वेग राखते आणि बोट थकू देत नाही. पाच कारणांच्या हिशेबात मात्र ते खालच्या पायरीवर उतरते. सैल नळीत दैवाचा वाटा वाढला होता; येथे करणाचाच वाटा कर्त्याच्या वाट्यावर चढतो आणि दहा गोळ्यांपैकी काही गोळे असे असतात जे कोणीच झाडायचे ठरवलेले नव्हते. त्यांपैकी एखादा समोरच्याने हात वर केल्यानंतर त्याच्या अंगावर फुटला तर तो आघात कोणाचा, या किरात आणि अर्जुनाच्या प्रश्नाला येथे उत्तरच उरत नाही. वेगाची मर्यादा घालून नियमकर्त्यांनी देहाचे रक्षण केले, पण चापाच्या एका ओढीला एकच गोळा ही मर्यादा सोडून देताना त्यांनी जे गमावले ते क्रोनोग्राफला दिसत नाही. खेळाचे वय लहान आहे आणि त्याचे नियम अजून बदलत आहेत; स्पर्धांनी ती जुनी मर्यादा परत आणावी, आणि मार्करची पारख करणाऱ्यांनी सेकंदाला किती गोळे सुटतात याच्याआधी, सुटलेल्या प्रत्येक गोळ्यामागे खेळाडूचा निर्णय होता की नाही, हे विचारावे.